गोविंद मास्तर छातीच्या दुखण्याने गेले नाहीत

औरंगाबादची पेशी आटोपून मी जालन्याला उतरलो, तेव्हा स्टेशनबाहेरच टांगेवाल्याने सांगितले, "वकीलसाब, गोविंद मास्तर गेले. छातीनं गेले म्हन्तेत." मस्तगडच्या आमच्या आळीत पोचेपर्यंत आणखी दोघांनी तेच ऐकवले. त्याला आता महिना होत आला. छातीने गेले, हे विधान साफ खोटे आहे. मास्तर पटकीने गेले, एका दिवसात... आणि मी गावात नव्हतो.

छातीचे दुखणे त्यांना होते, हे खरे. आम्ही दोघे विधुर, लहानपणापासूनचे सोबती, भिंतीला भिंत लागून राहणारे. रात्री एकत्र जेवत असू. पुढे जेवून आडवे होताच त्यांच्या छातीत आग उठू लागली, कळ थेट पाठीत शिरू लागली. हृदयच, असा निकाल आळीने परस्पर दिला. मी त्यांना औरंगाबादच्या डॉक्टरांकडे नेले. चढताना दुखते का, असे डॉक्टरांनी विचारले. तुमचा जिना चढूनच आलो, न्हाई दुखलं, मास्तर म्हणाले. निदान आम्लपित्ताचे निघाले. तिखट कमी करा, दिवेलागणीपूर्वी जेवा आणि नंतर दोन-तीन तास आडवे होऊ नका, एवढाच उपाय.

मास्तर सुटल्यासारखे हसले. मला मात्र संताप आला. पक्षकारांच्या गराड्यातून सुटेपर्यंत मला रोज अंधार पडे. म्हणजे दिवसाकाठी माणसासमोर बसून खाल्लेला तो एक घासही गेला. रोग्याच्या जेवणाची वेळ ठरवताना शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतले गेले नाही, असे मी डॉक्टरांना लेखी कळवले. माझे दावे सकाळीच पुकारावेत, असा अर्ज, निजामी अदालतीच्या रिवाजाप्रमाणे उर्दूत, मी मुन्सिफ न्यायाधीशांकडे केला. तो फेटाळला गेला. त्या रात्री मी एकट्याचे पान वाढून घेत होतो, तोच मास्तर आले आणि पाट ओढून समोर बसले.

"तुझं तर जेवण झालं," मी म्हणालो.

"झालं की. पन मला बसूनच राह्याचंय, नारायणा. भिंतीपुढं बसू का तुझ्यापुढं? जेव तू. अन् डॉक्टरावर दावा लावू नको."

पुढे दुखणे हटले, बसणे मात्र चालूच राहिले. मी जेवता जेवता अदालतीचा उद्धार करी, ते ऐकत. आळीतले दिवे मालवत जात...

काल रात्री जेवण उरकले. अंथरूण घातलेलेच होते. आडवे होण्यास मला कोणाचीही मनाई नाही. बराच वेळ मी भिंतीला पाठ लावून ताठ बसून राहिलो.