पंप बंद आहे

ताईला वैताग यायला डेपोचं फाटक ओलांडायचाच अवकाश असे. आत शिरताच डाव्या हाताला तिची बस उभी दिसायची. पांढरी, नवीकोरी, छपरावर हायड्रोजनच्या टाक्या, आणि काचेवर इतकी धूळ की कुणीतरी त्यावर बोटाने 'मला धुवा' असं लिहून ठेवलेलं. तिच्याकडे न बघता ताई पलीकडच्या जुन्या डिझेल बसमध्ये चढायची आणि दार असं आपटायची की कंडक्टर दचकायचा.

डेपोत सगळेच तिला ताई म्हणत, वयाने मोठे ड्रायव्हरसुद्धा. हायड्रोजनवर चालणारी बस येणार असं कळलं तेव्हा याच मोठ्यांनी माना खाली घातल्या होत्या. "डोक्यावर बॉम्ब घेऊन कोण गाडी चालवणार?" ताईने हात वर केला. त्यात धाडसबिडस काही नव्हतं. तिचं घर डेपोच्या भिंतीला लागून होतं. सकाळी डिझेलच्या गाड्या तापायला लावल्या की धूर थेट वरच्या खोलीत शिरे, आणि तिथे तिची दमेकरी आई उशीला टेकून धापा टाकत बसे. धूर सोडणारी एक गाडी कमी झाली तर तेवढंच बरं, असा तिचा साधा विचार.

प्रशिक्षणात ऐकलेलं एक वाक्य तिला फार आवडलं होतं. ते तिने भावाला ऐकवलं. भाऊ शाळेत विज्ञान शिकवायचा आणि रविवारी आईला बघायला यायचा.

"सूर्य ज्यावर जळतो ना, त्यावर माझी गाडी चालते."

"सूर्यात काही जळत नाही गं," भाऊ म्हणाला. "तिथे पोटात इतका दाब आणि उष्णता असते की हायड्रोजनचे कण एकमेकांत मिसळून त्यांचा हेलियम होतो, आणि ऊर्जा सुटते. तुझ्या गाडीत तो हवेतल्या ऑक्सिजनला भेटतो, त्यातून वीज मिळते आणि मागे पाणी उरतं. इंधन एक, कारभार दोन."

"जिथे तिथे तुझी मास्तरकी. गाडी चालते ना? मग झालं."

आणि गाडी खरंच चालली, झकास चालली. खडखड नाही, पायाखाली थरथर नाही. सिग्नलला थांबलं की इतकं शांत, की मागच्या सीटवरची नवराबायकोची कुजबुजती भांडणंही पुढे ऐकू येत. एका आजीबाईंनी तर उतरताना बजावलं, "बाई, तुमची टाकी गळतेय." ताईने खाली उतरून, त्या थेंबांखाली तळहात धरून त्यांना दाखवलं की ते नुसतं पाणी आहे. घरी जाऊन तिने हे आईला रंगवून रंगवून सांगितलं.

मग पंप बंद पडला. हायड्रोजन बसच्या टाक्यांत मावायचा तर प्रचंड दाबून भरावा लागतो, आणि ते दाबणारं यंत्रच बसलं.

"पार्ट मागवलाय," डेपो मॅनेजर म्हणाले.

"कुठून?"

"बाहेरून."

"कधी येईल?"

"मागवलाय ना, ताई."

ऋतू बदलला, हे बोलणं काही बदललं नाही. शेवटी एकदाचा पार्ट आला, तर तो दुसऱ्याच मापाचा निघाला. ताईने मॅनेजरांच्या टेबलावर दोन्ही हात आपटले आणि ती बाहेर पडली.

त्यातच वरून पाहुणे येणार असल्याचा निरोप आला. मैदानावर नव्या गाड्यांचं प्रदर्शन होतं, त्यात बस मांडायची ठरली. धुऊन पुसून तिचा आरसा केला. पण मैदानापर्यंत न्यायची कशी? डिझेलच्या क्रेनने ओढत नेली. स्टेअरिंगवर ताई. रस्त्यावरची माणसं बोटं दाखवून हसत होती आणि तिला कुठे तोंड लपवू असं झालं होतं.

"काय, कशी चालते गाडी?" पाहुण्यांनी विचारलं.

"चालत नाही साहेब. पंप बंद आहे. आत्ता ओढून आणलीय."

पाहुणे खळखळून हसले. "तुमची ड्रायव्हर भारी विनोदी आहे," म्हणत त्यांनी मॅनेजरांच्या पाठीवर थाप मारली. फोटो निघाला. "मी खरं सांगतेय," ताई म्हणाली, पण तोवर ते पुढच्या मांडवाकडे वळले होते.

रविवारी तिने सगळा राग भावावर काढला. तो शांतपणे म्हणाला, "सूर्याला दाबायला स्वतःचं वजन पुरतं. आपल्याला यंत्र लागतं, यंत्राला पार्ट लागतो, पार्टला सही लागते."

"मग जा, सूर्यालाच आणून बसव त्या पंपावर."

आईला हसू फुटलं, हसता हसता ढास लागली आणि ती थांबेना. ताई तिची पाठ चोळत राहिली. भाऊ पाणी घेऊन नुसता उभा होता.

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरांपुढे उभी राहिली. "पार्ट तुमच्या हातात नाही, कबूल. पण गाड्या कुठे तापवायच्या ते तर आहे? पलीकडच्या भिंतीला लावायला सांगा."

"बघतो."

त्यांच्या बघण्यावर आता तिचा भरवसा उरला नव्हता. रोज सर्वांच्या आधी येऊन ती आपली डिझेल बस घरांच्या बाजूला आडवी लावायची आणि इंजिन बंद करून खाली उतरायची. मग दुसऱ्या कुणाला तिथे जागाच उरत नसे, बाकीच्यांना गाड्या पलीकडच्या भिंतीला लावाव्या लागत.

"ताई, उगाच एवढं चालायला लावता," ड्रायव्हर कुरकुरले.

"चाला. पोटं आत जातील."

आठवडाभर धुसफूस झाली, मग सवय झाली. आईचा दमा काही गेला नाही, पण सकाळची ढास कमी झाली.

पुढे योग्य मापाचा पार्टही आला. पंप सुरू झाला, पुन्हा रुसला, पुन्हा सुरू झाला. आता ताई कुणाला सूर्याच्या गोष्टी सांगत नाही. सकाळी पंपावर जाते आणि तिथल्या मेकॅनिकला विचारते, "आज भरतोय का?"

"भरतोय, पण दाब चढत नाहीये. अर्धीच भरेल."

"अर्धी तर अर्धी. लाव नळी," ती म्हणते, आणि दुपारच्या फेऱ्यांना डिझेलची गाडी राखून ठेवायला सांगायला तणतणत ऑफिसकडे जाते.