मीठ-मिरच्यांचा दिवस मी धरलाच नव्हता

मागच्या सोमवारी छावणी भागातल्या डॉक्टरीणबाईंकडं गेले होते... खरं सांगते, भांडायलाच. मी लोकांना जेवणाचे डबे करून देते, त्या डब्यांच्या पोळ्या अर्ध्यात सोडून.

माझी नात परी, सहा वर्षांची. तिला फ्लू झाला म्हणून शनिवारी बाईंनी फ्लूचं औषध सुरू केलं होतं, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. दोन दिवस झाले तरी पोरगी तापलेलीच.

त्यात सोमवारी सकाळी तिचा भाऊ गोलूही फणफणला. आठ महिन्यांचं लेकरू, दिवस भरायच्या आधी झालेलं, काचेच्या पेटीत राहून आलेलं... माझ्या काळजाचं पाणी झालं. लेक ड्युटीवर होती, मीच दोघांना घेऊन निघाले.

आत शिरल्या शिरल्या म्हणलं, "बाई, तुमच्या औषधात दम नाय. याला तरी चांगलं लिहून द्या."

बाई शांत. म्हणल्या, "मावशी, ताप आल्यापासून दोन दिवसांच्या आत दिलं तर हे औषध नीट काम करतं. आपण वेळेत दिलं. शनिवारी तुम्हीच म्हणालात, कालपासून ताप आहे."

"व्हय, शुक्रवारपासूनच होता," मी ठासून म्हणलं.

परी मास्कमधून बोलली, "नाय आजी. तू मीठ-मिरच्या ओवाळल्या ना, तवापासून."

मी बोटांवर वार मोजले.

करमाडचं लग्न करून आलो, तो बुधवार होता. पोरगी गरम लागली. मी म्हणलं लग्नात नटली होती, नजर लागली. दृष्ट काढली, मिरच्या तव्यावर टाकल्या, ठसका आला नाय... म्हणजे दृष्टच. तो दिवस मी तापात धरलाच नाय. गुरुवारी घरातलीच तापाची गोळी दिली. आणि शनिवारी बाई रागावतील म्हणून "कालपासून" सांगून मोकळी झाले. आपण बाया सगळ्या हेच सांगतो, खोटं कशाला बोलू.

हे सगळं मी बाईंपुढं कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणल्या, "हे औषध जादू नाही. वेळेत दिलं तर दुखणं एखादा दिवस लवकर आटोपतं, आणि सगळ्याच मुलांना ते लागतही नाही. पण याच्यासारख्या नाजूक बाळासाठी मी थांबणार नाही. याचा ताप कधीपासून? खरं सांगा."

"आज सकाळी साडेसहा. पहिला डबा भरत होते."

बाईंनी गोलूच्या नाकातला नमुना घेऊन तपासणी केली, वजन करून डोस ठरवला, पहिला डोस तिथंच पाजला. उलटी होऊ शकते म्हणल्या होत्या, एकदा झाली. श्वासावर नजर ठेवा म्हणल्या, ठेवली. बरं वाटलं तरी पाच दिवस पुरे करा म्हणल्या, केले.

तिसऱ्या दिवशी गोलूनं माझे केस धरून ओढले... लई बरं वाटलं. परीचा ताप पण तोवर उतरला होता.

एका लेकरावरून औषधाचा हिशोब मांडू नका, असं बाईच म्हणल्या. नाय मांडत. पण यावेळी उशीर माझ्यामुळं झाला नाय, एवढं मला पक्कं माहीत आहे. आणि तापाची वेळ खरी सांगितली, ती परीच्या तोंडामुळं. तिला आता चोंबडी म्हणायचं मी सोडलं आहे.

आता घरात कुणाचं अंग गरम लागलं की आधी कॅलेंडरवर वार आणि वेळ लिहिते... दृष्ट त्याच्यानंतर काढते.