प्रेमानंदच्या चौदा गोळ्या

प्रेमानंद मेश्राम चालवायचा मलेरिया संशोधन केंद्राची जीप, पण बोलायचा असा की केंद्रच तो चालवतो. इथिओपियाहून आलेल्या डॉक्टर हिरुतबाईंना हिंदी मोडकंतोडकं यायचं, वस्तीतल्या बायाबापड्यांची बोली तर मुळीच कळायची नाही. म्हणून त्यांनी याला दुभाष्या केलं, आणि तिथेच गडी हवेत गेला. रात्री ताटावर बसला की बायकोला, प्रमोदिनीला, 'आमच्या संशोधनात' आज काय झालं ते ऐकवायचा. ती म्हणायची, आधी नळाचं वायसर बदला, मग संशोधन करा. वायसर काही बदललं गेलं नाही.

संशोधन मात्र खरोखर मोठं होतं. एका प्रकारच्या मलेरियाचा जंतू ताप उतरल्यावरही लिव्हरमध्ये दडून झोपतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी उठून माणसाला पुन्हा आडवं करतो. त्याच्यावर एक जुनी गोळी आहे, चौदा दिवस रोज घ्यायची. ती त्या झोपलेल्या जंतूचं नेमकं काय बिघडवते ते हुडकायचं आणि त्याच जागी नेम धरून थोड्या दिवसांचं नवं औषध काढायचं, यासाठी हिरुतबाई आणि अदिस अबाबातले त्यांचे सोबती कित्येक वर्षं झटत होते. नागपुरात त्या एवढंच बघायला आल्या होत्या की चौदाच्या चौदा गोळ्या घेऊनही कोणाला ताप उलटतो का.

घरोघरी जाऊन गोळ्या घेतल्या का हे विचारायचं काम अर्थातच प्रेमानंदचं. विचारून गप्प बसेल तर तो प्रेमानंद कसला! ताप गेला म्हणजे मलेरिया गेला असं समजणारे लोक अडाणी, गोळी अर्धवट सोडणारे म्हणजे देशाचे दुश्मन, असं भाषण तो दारात उभा राहून ठोकायचा. लोक माना डोलवायचे. आपल्या वाणीत काहीतरी जादू आहे, असं त्याला मनापासून वाटायचं.

भाद्रपदात त्यालाच मलेरिया झाला. हिरुतबाईंनी स्वतःच्या हाताने गोळ्या दिल्या आणि त्याचंही नाव अभ्यासात घातलं. निदान हा एक तरी रोगी गोळी चुकवणार नाही, याचा त्यांना आनंद. पाच दिवस याने इमानाने गोळ्या खाल्ल्या. ताप गेला, पण पोटात मळमळायला लागलं. सहाव्या दिवशी मेव्हण्याकडे झणझणीत सावजी मटण होतं. आज नको, उद्या दोन घेऊ, असं स्वारीने ठरवलं. उद्या काही उजाडला नाही, आणि उरलेल्या गोळ्या नालीत गेल्या. बाई रोज सकाळी जीपमध्ये बसता बसता विचारायच्या आणि हा समोरच्या काचेकडे बघत म्हणायचा, हो मॅडम, घेतली. वर, काहीच त्रास नाही, असंही स्वतःहून जोडायचा.

दिवाळीच्या तोंडावर प्रेमानंदसाहेब पुन्हा कुडकुडायला लागले. तपासणीत तोच जंतू निघाला. आता बाई झापणार, या भीतीने प्रेमानंद आणखीच थरथरला. पण त्यांनी त्याचा हात धरून माफी मागितली. म्हणाल्या, आमचं औषध तुमच्यासाठी कमी पडलं. त्याला वाटलं, यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं.

ताप उतरून तो कामावर आला, त्या दिवशी कळमन्याच्या पलीकडच्या वस्तीत जायचं होतं. तिथल्या इंदूबाई भाजीवालीचाही ताप उलटला होता, आणि तिच्याही गोळ्या पूर्ण झाल्याचं प्रेमानंदनेच सांगितलं होतं. वाटेत बाई खिडकीबाहेर बघत बोलल्या. एखादा रोगी गोळी चुकवेल, पण प्रेमानंद नाही. म्हणजे ही गोळीच फसवी, आणि इतकी वर्षं आपण चुकीच्या जागी नेम धरून बसलो. आज अदिसला कळवायचं की ते काम थांबवा. त्यांचे डोळे भरले होते. प्रेमानंदला ब्रेक कुठला आणि क्लच कुठला ते सुधरेना. खरं सांगावं तर नोकरी जाते, अब्रू जाते, आणि प्रमोदिनी जन्मभर हसते. न सांगावं तर या बाईची सगळी मेहनत एका सावजी मटणापायी मातीत जाते. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, तरी तोंड काही उघडलं नाही.

इंदूबाई खाटेवर पांघरूण घेऊन बसली होती. हिरुतबाई म्हणाल्या, शेवटचं विचारा, सगळ्या घेतल्या ना? त्याने विचारलं. तिने जमिनीकडे बघत सांगितलं, घेतल्या ना बाप्पा, साऱ्या घेतल्या. असं नजर चुकवून बोलणं प्रेमानंदला चांगलंच ओळखीचं होतं. तो खाटेपाशी खाली बसला.

"मावशी, मी पाचच खाल्ल्या वं. बाकीच्या नालीत टाकल्या अन् मॅडमले खोटं सांगितलं. आता तू खरं सांग."

इंदूबाईने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. मग हळूच बोलली.

"मले चारच जमल्या गा. पोटात आग पडे. पण तू येवढं मोठं भाषण देऊन राहिला होता, तुले नाही कसं म्हणू?"

हिरुतबाई दोघांकडे आळीपाळीने बघत होत्या. काय म्हणाली, त्यांनी विचारलं. दुभाष्याला सुटका नव्हती. आपल्या पाच, तिच्या चार, नाली, सगळं त्याने हिंदीत सांगितलं. भाषणाचं वाक्य गाळावं असं फार वाटलं, पण तेही सांगितलं.

बाईंनी दोघांचे आकडे लिहून घेतले. मग म्हणाल्या, मला तुमचा खूप राग आला आहे. आणि अदिसला आज काहीच कळवायचं नाही, याचा आनंदही झाला आहे. नंतर त्यांनी विचारलं, बाकी सगळ्यांनाही तुम्हीच विचारलं होतं ना?

प्रेमानंदने मान खाली घालूनच हो म्हटलं.

आता सगळ्या घरांत नव्याने विचारपूस चालली आहे. भाषण बंद. कोणाच्याही दारात गेला की प्रेमानंद आधी आपल्या पाच गोळ्या आणि सावजी मटण सांगतो. लोक पोट धरून हसतात, त्याला आत बोलावतात, चहा ठेवतात, आणि मग आपण किती खाल्ल्या ते खरं खरं सांगतात.