रिंकूला दिलेली गोळी

आज सकाळपर्यंत हे मी कुणाजवळ बोलले नव्हते — नवऱ्याजवळसुद्धा नाही.  आता सांगते.

रिंकू माझी धाकटी बहीण. आई गेली तेव्हापासून मीच तिची आई. जाण्याआधी आईनं बजावलं होतं — हिला सल्फाची गोळी द्यायची नाही, लहानपणी अंगभर चट्टे उठले होते. मला ते पाठ होतं. मग काय झालं मला?

लग्न! रिंकूचं लग्न — सिहोऱ्याला घरासमोर मांडव पडलेला, पाहुणे उतरत होते, मी तर हवेतच होते. आणि हळदीच्या तोंडावर तिला ताप, घसा धरलेला. माझ्या लघवीच्या त्रासातल्या गोळ्या उरल्या होत्या. सल्फाच्याच. नाव वाचलं — आणि तरी दिल्या. लहानपणी उठले म्हणून आताही उठतील? असंच म्हटलं मनाशी.

हळदीच्या सकाळी तिचे ओठ सोलले, डोळे लालभडक, अंगावर फोड. नागपूरला पोचलो तेव्हा पाठीची कातडी चादरीला चिकटून सुटत होती. डॉक्टरांनी विचारलं, कोणती गोळी दिली? खरं बोलले असते तर लोकांनी मला दोष दिला असता — एवढंच ना?

"तापाची," मी म्हटलं. "साधी."

रिंकू वाचली. लग्नही झालं, उशिरा. डोळ्यांत मात्र अजून रोज थेंब घालावे लागतात. बोलता यायला लागल्यावर तिनं विचारलं होतं, "ताई, कोणती गोळी देली होती तू मले?" तिलाही मी तेच सांगितलं.

आज सकाळी भंडाऱ्याहून तिचा फोन. "ताई, तू मावशी होऊन राहिली!" मी आनंदानं ओरडलेच! ती बोलतच होती — दवाखान्यात नाव घातलं, मॅडमनं विचारलं कोणतं औषध चालत नाही. "मी सांगतलं, तापाची गोळी. बाकी सब चालते."

बाकी सगळं चालतं! म्हणजे उद्या कुणीही तिला तीच गोळी देईल — आणि पोटात बाळ. मी सांगून टाकलं. सगळं. गोळीचं नाव तिनं मला दोनदा म्हणायला लावलं.

मग तिनं विचारलं,

"तुले माहीत होतं?"

"हो," मी म्हटलं. "देतानाच माहीत होतं."