शेजारच्या म्हाताऱ्याचा सत्कार

आमच्या इथल्या मराठी मंडळाला सत्काराचा भारी सोस. माणूस दिसला की शाल. इथला नगरसेवक आला, शाल. कुणाच्या मुलीला शाळेत बक्षीस मिळालं, शाल. पुण्याहून नातवंडं सांभाळायला आलेल्या आजी-आजोबांनाही स्टेजवर बसवून नारळ देतात आणि ते बिचारे नारळ मांडीवर धरून पुढची सगळी भाषणं ऐकत बसतात. शाली पुण्याहून कुणाच्या तरी बॅगेतून येतात. त्या आणणाऱ्याचाही एकदा सत्कार झाला होता. मी तेव्हा पोट धरून हसले होते. आता हसू येत नाही.

ल्यूकन या आयरिश उपनगरातलं आमचं घर जोडघर आहे, म्हणजे मधल्या एका भिंतीला दोन्ही बाजूंनी दोन घरं. मी हॉस्पिटलात भूल देणारी डॉक्टर. रात्रपाळी करून आले की दिवसा झोपते. दोन वर्षांपूर्वी पलीकडे कुणीतरी दिवसभर गिटार वाजवायला लागलं. वाजवणं वाईट नव्हतं, पण सूर एका ठिकाणी येऊन थांबायचे, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचे, पुन्हा तिथेच थांबायचे. उशी डोक्यावर घेऊन काही दिवस काढले, मग डोकं फिरलं आणि मी तशीच, नाइट ड्रेसवर कोट चढवून, शेजारी भांडायला गेले. दार एका सत्तरी उलटलेल्या जपानी माणसाने उघडलं. त्याने माझा अवतार बघितला, कमरेत वाकून माफी मागितली आणि आत बोलावलं. भांडायला गेलेली मी चहा पिऊन परत आले.

शेजारीण जपानी आणि तिचा नवरा आयरिश, हे मला ठाऊक होतं. हे तिचे वडील. बायको गेल्यावर मुलीने त्यांना इकडे आणलेलं. इंग्रजी ते गाण्यांतून शिकलेले, त्यामुळे साधं वाक्यसुद्धा थोडं लांबवून बोलायचे. पुढे माझी सुट्टी असली की आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसायचो आणि ते सांगायचे, तुकड्यातुकड्याने. मी विचारलं तरच.

जन्म उत्तरेकडच्या एका मासेमारीच्या गावातला. वडील बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, आई मासळी साफ करायच्या कारखान्यात. शिकायला शहरात गेले, कॉलेज सोडलं आणि कॉफीच्या दुकानांत गिटार घेऊन गायला लागले. तेव्हा त्यांच्या वयाची सगळी मुलं सरकारविरुद्ध गाणी म्हणायची. हे गायचे आईच्या हातांवर, कितीही धुतले तरी ज्यांचा वास जात नाही अशा हातांवर. ते गाणं देशभर गाजलं. मग रेकॉर्ड कंपनीने त्यांना सूट घातला, मागे व्हायोलिनं लावली, आणि पुढची रेकॉर्ड कुणी विकत घेतली नाही. सूट घालून आईचे हात कसे गाणार, असं ते म्हणाले आणि बिस्किटाचा डबा माझ्याकडे सरकवला.

नंतर एका दिग्दर्शकाने त्यांना टीव्हीच्या मालिकेत घेतलं. अभिनय येत नव्हता म्हणूनच घेतलं. कमी बोलणारा बाप हवा होता. हा बाप प्रत्येक भागाच्या शेवटी दारात उभा राहून बाहेर बघत म्हणायचा, "घरी ये, जेवण गार होतंय." बस, एवढंच. मालिका वर्षानुवर्षं चालली. गाणारा माणूस मेला आणि दारातला बाप अमर झाला. ते गाणी लिहीतच राहिले, कार्यक्रमही केले, पण लोक गाणी संपायची वाट बघायचे आणि शेवटी ते वाक्य म्हणायला लावायचे. बाजारात मासळीवाल्या त्यांनाच ते ऐकवायच्या. बायकोच्या अंत्यविधीला आलेल्या एका पाहुण्याने बाहेर पडताना हळूच विचारलं, एकदा म्हणता का, माझी आई तुमची फार चाहती आहे.

"म्हणालात?" मी विचारलं.

"म्हणालो. आई आजारी होती त्याची."

मला इतका राग आला की मी उठून उगाचच कपबश्या विसळल्या.

ल्यूकनमध्ये त्यांना कुणी ओळखत नव्हतं आणि त्यामुळे ते खुशीत होते. पण मग घसा बसला तो बसलाच. तपासण्यांना मीच घेऊन गेले होते. स्वरयंत्र काढावं लागणार, हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगायच्या आधीच माझ्या लक्षात आलं होतं. या ऑपरेशनसाठी मी कित्येकांना भूल दिली आहे. झोपण्याआधीचं शेवटचं वाक्य ऐकणारी बऱ्याचदा मीच असते. लोक फार साधं काहीतरी बोलतात. पुढे घशात छोटी झडप बसवून बोलता येतं. गाण्यासाठी काही बसवता येत नाही.

भिंतीपलीकडे अडणारं ते गाणं बायकोवरचं होतं. ते पुरं झालं होतं, पण मी त्यातला एक शब्द ऐकला नव्हता. कुणीच ऐकला नव्हता. त्यांची रीतच तशी. नवं गाणं करताना फक्त गिटार वाजवायची, शब्द मनात ठेवायचे, गुणगुणायचंसुद्धा नाही. तोंडातून ते पहिल्यांदा बाहेर काढायचं ते अनोळखी लोकांपुढेच. घरच्यांना पहिल्यांदा ऐकवलं तर घरचे माणसाकडे बघतात, गाणं ऐकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. बायकोनेही प्रत्येक गाणं कॉफीच्या दुकानात मागच्या टेबलावर बसून, कॉफीचे पैसे देऊन ऐकलं होतं. हे शेवटचं गाणंही त्यांना तसंच म्हणायचं होतं. इथल्या जपानी लोकांत शक्य नव्हतं, ते बाप मागणार. मग एक दिवस त्यांनी मला विचारलं, "तुमच्या लोकांत मला कुणी ओळखत नाही ना?"

मी छातीठोकपणे सांगितलं, कुणी नाही.

ऑपरेशन सोमवारी होतं आणि मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आदल्या शनिवारी. माझा नवरा मंडळाचा कार्यक्रमप्रमुख. एरवी तो सँडीफोर्डच्या ऑफिसात सॉफ्टवेअर लिहितो, पण त्याचा जीव मंडळात. मी त्याला समोर बसवून सगळं सांगितलं. घसा, सोमवार, बायको, सगळं. आणि बजावलं, "ओळख करून द्यायची नाही. आमचे शेजारी आहेत, एक गाणं म्हणणार आहेत, एवढंच सांगायचं. बाकी काही नाही."

"ग्रँड," तो म्हणाला. हल्ली तो इथल्या लोकांसारखा सगळ्यालाच ग्रँड म्हणतो.

त्यांनी आठवडाभर तोंड उघडलं नाही. मुलीशी खाणाखुणांनी बोलायचे. होता नव्हता तो आवाज त्या एका गाण्यासाठी ठेवला होता. शनिवारी दुपारी मी त्यांना गाडीतून हॉलवर नेलं. गिटार त्यांनी मांडीवर आडवी धरली होती आणि ते खिडकीतून बाहेर बघत अगदी निवांत बसले होते. मला वाटलं, चला, आपल्या लोकांचा कुणाला तरी उपयोग झाला.

मुलांचे नाच झाले, फॅन्सी ड्रेस झाला, एक लावणी झाली. मग माझा नवरा माइकवर आला आणि खिशातून फोन काढून वाचायला लागला. जन्म कुठला, पहिली रेकॉर्ड कुठली, मालिका किती वर्षं चालली. "मित्रहो, आपल्याला कल्पना नाही, आपल्यात आज कोण बसलंय!" मागच्या पडद्यावर तो दारातला बाप उमटला, तरुण, काळ्या केसांचा. खाली इंग्रजीत ते वाक्य. सगळा हॉल टाळ्या वाजवत उभा राहिला. मी म्हाताऱ्याकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते. तो चेहरा मी विसरू शकत नाही. त्यावर राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

मग शाल. मग नारळ. मग अध्यक्षांचे दोन शब्द, जे कधीच दोन नसतात. भारत-जपान मैत्री, बुद्ध, बुलेट ट्रेन. मग अध्यक्ष म्हणाले, सर, तो डायलॉग होऊन जाऊ दे. मी स्टेजच्या पायऱ्यांशी जाऊन नवऱ्याला हातवारे करत होते, नको, नको, आणि तो मला हातानेच, थांब गं, असं करत होता. त्यांना नाही म्हणता येत नाही हे मला माहीत होतं. ते उभे राहिले, खांद्यावरची शाल सावरली आणि आठवडाभर जपलेला आवाज काढून त्यांनी ते वाक्य म्हटलं. लोक खूश. कुणीतरी ओरडलं, वन्स मोअर, व्हिडिओ राहिला! त्यांनी पुन्हा म्हटलं. दुसऱ्यांदा शेवटचा शब्द फुटला. मग पोरांना घेऊन आया स्टेजवर चढल्या, प्रत्येकीला फोटो हवा, प्रत्येक पोराकडून ते वाक्य म्हणवून घ्यायचं आणि सरांनी बरोबर म्हणायचं.

गिटार शेवटी हातात आली तेव्हा हॉलच्या दारात राखणदार उभा होता.

"युवर मॅन आलाय चाव्या घेऊन," नवरा माझ्या कानाशी म्हणाला. इथे 'तो बाबा' म्हणायचं तर 'युवर मॅन' म्हणतात. "कराटेचा क्लास आहे म्हणे पाच वाजता. आता काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे? गाऊ द्यायचं."

"अगं, फराळाची पाकिटं वाटायची आहेत अजून."

ते खुर्चीवर बसून तारा लावत होते. माइकवरून कुणीतरी विचारत होतं, निळी गाडी कुणाची आहे, गेट अडवलंय. खुर्च्या आवरायला सुरुवात झाली होती. अध्यक्ष वाकून त्यांना म्हणाले, "सर, फक्त मुखडा घ्या. ओन्ली फर्स्ट टू लाइन्स."

त्यांनी गिटार पेटीत ठेवली, उठले आणि कमरेत वाकून सगळ्यांना नमस्कार केला. त्यावरही टाळ्या पडल्या.

परतताना मी गाडी एका बाजूला घेतली. बाहेर अंधारून आलं होतं. मी म्हटलं, माझ्यासमोर म्हणा. तुमची रीत राहू दे बाजूला. मला वाटलं ते नाही म्हणतील, पण त्यांनी नाही म्हटलं नाही. समोरच्या काचेकडे बघत तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग त्यांनी घशाला हात लावला, मान हलवली आणि मांडीवरच्या शालीची घडी घालायला लागले. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. म्हणजे सांत्वनही त्यांनीच माझं करायचं.

सोमवारी ऑपरेशन झालं. नीट झालं. ते बरे आहेत, मुलीच्या बागेत फिरतात, झडपेतून थोडं बोलतात. गिटार पुन्हा ऐकू आली नाही. मी दिवसा छान झोपते. शब्द लिहून देता का, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी हसून हात हलवला. त्या बाईवर काय लिहिलं होतं ते कुणालाही कळणार नाही. कार्यक्रमाचा व्हिडिओ मात्र मंडळाच्या पानावर आहे आणि लोकांना तो फार आवडतो.

घरी मी नवऱ्याशी भांडले. भांडले म्हणजे मी बोलत होते. त्याचं एकच, "अगं, मान दिला त्यांना. कुणी दिला असता एवढा मान? ओळख न करून देता उभं करायचं, बरं दिसतं का ते?" तो खरंच दुखावला होता. त्याने दोन संध्याकाळी बसून ती माहिती जमवली होती.

यंदा दिवाळी जवळ आली. परवा पोहे खाता खाता तो म्हणाला, "या वर्षी त्यांना सुरुवातीलाच ठेवू. पंधरा मिनिटं देऊ. मग तर झालं?"

मी म्हटलं, "त्यांना आवाज नाहीये. तुला माहीत आहे."

चमचा ताटलीत ठेवून तो खरोखर विचार करत होता, चेहऱ्यावर इतकी माया की मला क्षणभर आशा वाटली.

"अरेरे, हो," तो म्हणाला. "मग नुसता सत्कार करू."

मी त्याला आणखी पोहे वाढले. वीस वर्षं झाली लग्नाला. हा माणूस वाईट नाही, कुणीही सांगेल. त्या दुपारी त्याच्या हातून काय गेलं ते त्याला कधीच कळणार नाही, आणि मला याच माणसाबरोबर म्हातारं व्हायचं आहे.