पवनीचा कोट आणि मायचं घमेलं

माझ्या मायला घरात सगळे "पवनीची साहेबीण" म्हणतात. मला समजायला लागलं तेव्हापासून ती एकच गोष्ट सांगते. लग्नाआधी पवनीला टेकडीचं खोदकाम चाललं होतं, त्यात ती मजूर होती, आणि मातीखालून बुद्धाचा स्तूप निघाला तेव्हा ती तिथंच उभी होती. "साहेब फावडं मारू देत नव्हते, कुंचल्यानं माती झाडा म्हणत," असं ती बोलली की माझा भाऊ पोट धरून हसतो. माती झाडायची मजुरी कोण देते? मी पण हसायची, खोटं कशाला सांगू.

2016 च्या जानेवारीत डॉक्टरनं सांगितलं, मायचा डावा डोळा गेला, उजव्याचं ऑपरेशन करू पण भरवसा देत नाही. माय म्हणाली, "त्याच्या आधी मले पवनीले ने. मी लबाड होय का नाही, तूच पाह्य."

नवेगाव बांधहून सकाळची पहिली बस पकडा. अर्जुनीला उतरून लाखांदूरची, तिथून पवनीची. मायला अर्धं तिकीट. लाखांदूरला आमचा तास गेला. वाट पाहणं मला जमत नाही. कंडक्टरला तिसऱ्यांदा विचारलं तर तो म्हणाला, "बाई, बस का माझ्या खिशात हाय?"

माय मागून म्हणते, "खिशात असती तं इनं कवाच काढून घेतली असती."

स्टँडबाहेर तर्रीपोहे बरे मिळतात. तर्री कमी घाल म्हणून सांगा, नाहीतर डोळ्यातून पाणी. पुढे मिरचीची शेतं लागतात, मग वैनगंगेचा पूल, की आली पवनी.

पवनी म्हणजे कोटाचं गाव. एका अंगानं नदी, बाकीकडून खंदक, खंदकाच्या आत कोट. किल्ला म्हणून मी दगडी भिंत पाहायला गेली होती. हा तर आमच्या नवेगावच्या तलावाची पाळ असते तसा मातीचा निघाला, उंच, वर कुठं कुठं दगडविटा. वेशीचा दरवाजा तेवढा दगडी. त्यातून आजही ऑटो, बैलबंड्या, बकऱ्या, सगळं जाते. दरवाजा मागाहूनच्या राजांचा आणि मातीचा कोट त्याच्या कितीतरी आधीचा, असं लोक सांगतात. दगड नवा, माती जुनी. आधी मला हे उलटं वाटलं. पण धानाच्या बांध्यांत राबलेल्या बाईला कळायला पाहिजे होतं. भिंत पडते. पाळ नीट घातली, वर गवत धरलं, की ती कुठं जात नाही.

टेकडी कोटाच्या बाहेर आहे. ऑटो करा आणि त्याला थांबवून ठेवा. वर देवाचं मंदिर, पोटात स्तूप. कोरलेले खांब केव्हाच शहरात नेले, खड्डे बुजले, गवत वाढलं. पाहायला फार काही नाही, आधीच सांगते, नाहीतर मला शिव्या द्याल.

मायनं एका डोळ्यानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "चिच कुठं गेली? चिचेखाली माती टाकत होतो आमी."

चिंच नव्हती. मायचं तोंड उतरलं. मला वाटलं, झालं, आता भाऊ जन्मभर हसेल.

तिथं गमछा बांधलेले एक काका बकऱ्या चारत होते. आपणच गाईड झाले. बाजूला माणसाच्या उंचीचा एक ढिगारा होता, त्यावर मेणबत्त्यांचं मेण सांडलेलं. "हा बी स्तूप होय, लहान," काका म्हणाले. "दोन हजार वर्षांचा. लोक पयले इथंच वंदन करतात."

मी चप्पल काढून हात जोडले. माय मात्र खाली बसली, मूठभर माती उकरून बोटांनी चोळली. मग दुसऱ्या अंगानं जाऊन पुन्हा उकरली.

"यात खडा नाही, खापर नाही. ही चाळनीतून गाळलेली माती होय. मीच आणून टाकली."

"मावशी, दोन हजार वर्षांचा होय हा!"

"बाप्पा! मंग मी येवढी बुढी झाली का गा?"

काका हसले, पण मानायला तयार नाहीत. मायनं काठी माझ्या हातात दिली आणि ढिगाऱ्याला पाठ करून उभी राहिली. "भरल्या घमेल्याचं पाऊल लहान पडते, रिकाम्याचं मोठं. इथून रिकामं जाताना बावन्न, भरून येताना सत्तर. आता माझं पाऊल रिकाम्या हातानंबी भरल्या घमेल्याचंच पडते. तं सत्तर."

आणि चालली. मी मोजत होती. सत्तरला थांबली, पायानं गवत चाचपलं. "इथं खोदत होतो आमी."

काकांनी वाकून गवत बाजूला केलं. मग हळूच म्हणाले, "पावसात माती वाहून गेली का इथंच विटा दिसतात. हात-हातभर लांब."

त्यानंतर गाईड बदलला. काका विचारून राहिले आणि माय सांगून राहिली. कुंचला कसा धरायचा, विटेच्या कडेनं माती कशी झाडायची, पहिला खांब दिसला तेव्हा साहेबानं सगळ्यांना गूळ कसा वाटला. मी तीनदा म्हटलं, बस जाईल, चल. माझं कोणी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आला. मी त्याला सत्तर पावलांचं सांगितलं. तो हसला नाही, पण सवय जात नाही. "मंग त्या ढिगाऱ्याच्या पाया पडली का नाही, साहेबीण?"

"माझ्याच घमेल्याच्या पाया मी कायले पडू?" माय म्हणाली.

काल माय काकांचा हात धरून ऑटोकडे निघाली तेव्हा मी मागं राहिली होती आणि पुन्हा एकदा त्या ढिगाऱ्याच्या पाया पडली होती. या खेपेला तो कोणाचा, ते मला माहीत होतं.