अण्णांनी सोडून दिलेलं मागणं

मंठ्याच्या शाळेत सकाळचा परिपाठ संपवून मी वर्गावर निघाले होते, तेवढ्यात आईचा फोन आला. "ताई, तुझे अण्णा उठून न्हाई राह्यले गं..." एवढंच म्हणाली. वाटूरजवळच्या आमच्या गावी पोचले तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. अण्णा झोपेतच गेले होते. येणारा प्रत्येक जण माझ्या डोक्यावर हात ठेवायचा आणि हळूच एकच विचारायचा, "आता माधवचं कसं?"

माधव माझा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांचा आहे. त्याला बसता येत नाही, बोलता येत नाही, घास भरवावा लागतो. जन्मताना तो रडलाच नाही, मेंदूला प्राणवायू कमी पडला. आई सांगते, वर्षाच्या माधवला खांद्यावर घेऊन अण्णा जालन्याच्या डॉक्टरांपुढे उभे होते. "चालंल का?" डॉक्टर नाही म्हणाले. "बोलंल का?" त्यांनी मान हलवली. "मंग मला वळखंल का?" डॉक्टर म्हणाले, "हो. ते मात्र ओळखेल." त्या दिवशी अण्णांनी नवीन जालन्याच्या बाजारात पेढे घेतले आणि परतीच्या एसटीत शेजारच्या अनोळखी बाईच्या हातावरही एक ठेवला. तिनं विचारलं, कशाचे? अण्णा म्हणाले, "पोरगं बापाला वळखनार हाय."

अण्णा माळकरी. मोसंबीची बाग आणि भजन, यापलीकडे त्यांना काही ठाऊक नव्हतं. तरी पहिली काही वर्षं त्यांनीही नवस केले, अंगारे लावले, कुणी सांगितलं म्हणून दर्ग्यातला धागाही आणून बांधला. मग गावात सप्ताह बसला, त्या वर्षीची गोष्ट. सप्ताह चालू असेपर्यंत वीणा खाली ठेवत नाहीत, माणसं आळीपाळीनं ती गळ्यात घालून उभी राहतात. कीर्तनाच्या वेळी वीणा अण्णांच्या गळ्यात होती. मी आईजवळ बायकांत बसले होते. बुवा रंगात आले नि म्हणाले, घरात अपंग लेकरू जन्माला येतं ते मागच्या जन्मीच्या पापाचं फळ. आईनं मान खाली घातली. सगळा मांडव अण्णांकडे बघत होता... आणि ते वीणा छातीशी धरून तसेच उभे होते.

कीर्तन संपल्यावर त्यांनी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली आणि बुवांच्या पाया पडले. म्हणाले, "महाराज, तुम्ही शिकलेले, तुमचं बराबर असंल. पण मला एक सांगा. आपलं सगळ्यात नाजूक लेकरू कुणी पाप्याच्या हातात देतं का? देवानं तर बघूनच दिलं असंल." दुसऱ्या दिवशी सकाळी बुवा न बोलावता आमच्या घरी आले, माधवच्या अंथरुणाशी बसले आणि चहा घेऊन गेले. त्यानंतर आमच्या घरी नवस झाला नाही.

तरी एक मागणं अण्णा मनात धरून होते, हे मला फार उशिरा कळलं. दोन-तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. त्यातून उठल्यावर एकदा बागेत बसलो असताना ते म्हणाले, "ताई, हे पोरगं झाल्यापासून रोज देवाला म्हणून राह्यलो होतो, याला माझ्या एक दिवस आधी ने. दवाखान्यात पडलो तवा वाटलं, बाप असून लेकराचं मरण मागून राह्यलो की मी. सोडलं ते."

"मग आता काय मागता?"

"माझ्या मागं त्याला माणूस दे म्हणतो."

आणि मागून स्वस्थ बसणाऱ्यांतले अण्णा नव्हते. पुढच्याच रविवारी आम्ही गावी आलो तेव्हा त्यांनी माझ्या नवऱ्याला, दिलीपला, हाक मारली. "जरा या हो, पाणी तापलंय." माधवला उचलायचं कसं, न्हाऊ घालायचं कसं, मान किती वर धरून घास द्यायचा, एकेक शिकवायला सुरुवात केली. आत्याला ते रुचलं नाही. "जावयाला असली कामं सांगतेत का?" अण्णा हसून म्हणाले, "जावयाला कुठं बलावलं? माधवच्या दाजीला बलावलंय." पहिल्यांदा भरवताना माधवला ठसका लागला आणि दिलीपनं वाटी खालीच ठेवली. अण्णांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "भिऊ नका. मीबी असाच भेलो होतो."

तेराव्याला पाहुणे बसले आणि माधवचा विषय निघालाच. कुणी म्हणालं, एखादी चांगली संस्था बघू. कुणी म्हणालं, आईच्या गुडघ्यांनी आता होणार नाही. दिलीप कोपऱ्यात बसला होता. तो एवढंच म्हणाला, "माधव आमच्याकडं येईल, आईसुद्धा. मला येतंय सगळं." मला वाटलं, अण्णांच्या मागण्याला आलेलं उत्तर माझ्याच घरात जेवत-झोपत होतं...

माधव मंठ्याला आला तेव्हा पहिले काही दिवस नीट जेवला नाही. दाराकडे बघत राहायचा. त्याला काय कळलं, किती कळलं, आम्हाला सांगता येत नाही. परवाच्या रविवारी दिलीप त्याची दाढी करायला बसला. हे काम अण्णा कधीच कुणाला करू द्यायचे नाहीत. माधवचं डोकं छातीशी टेकवून ते हळूहळू वस्तरा फिरवायचे आणि शेवटी दाढी गुळगुळीत झाली का, हे बघायला आपला गाल त्याच्या गालावर घासायचे. दिलीपनं वस्तरा खाली ठेवला, टॉवेलनं माधवचं तोंड पुसलं. जरासा घुटमळला. मग वाकून त्यानं आपला गाल माधवच्या गालाला लावला.

माधव खदखदून हसला. स्वयंपाकघरातून आई पीठभरल्या हातांनी धावत आली. दिलीपला म्हणाली, "अजून एकदा करा हो."